चार अंकांची मुदत

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला ‘मुदत’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. उधारीला मुदत असते, कराच्या विवरणपत्राला मुदत असते आणि दुकानातल्या प्रत्येक पुडक्यावर ती छापलेलीच असते. बँकेतील माझी सारी नोकरी तर याच एका शब्दाच्या सोबतीने गेली. कर्जखाते नियमित आहे की थकलेले, हे कर्जदाराच्या चेहऱ्यावरून ठरत नाही, तारखेवरून ठरते. मात्र आपल्या सर्वांच्या दारात उभी असलेली एक वस्तू अशी आहे की जिची तारीख तिच्या अंगावरच उठवलेली असूनही आपण ती कधी वाचत नाही. ती वस्तू म्हणजे मोटारीचा टायर.

टायर कधी बदलावा, असे कोणालाही विचारले तर उत्तर एकच येते : नक्षी झिजली की. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. कायद्यानेही मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असे ठरवले आहे. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहानसे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजायचे. जो माणूस विक्रीच्या कामासाठी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरतो, त्याचे टायर दोन-अडीच वर्षांत याच मार्गाने संपतात. त्याला तारखेचा विचार करण्याची वेळच येत नाही.

पण आपल्या समाजातील कितीतरी घरांत एक गाडी अशी असते की जी फार धावतच नाही. ती घरच्या वडीलधाऱ्यांची असते, यात्रेची असते, लग्नकार्याची असते. रोजच्या कामाला स्कूटर असते, मालाला टेम्पो असतो. ही मोठी गाडी आवरणाखाली उभी राहते आणि वर्षातून चार-पाच वेळा बाहेर पडते. अशा गाडीची नक्षी झिजत नाही, आणि नेमके तेच फसवे ठरते. या लेखाचा विषय ती उभी राहणारी गाडी आहे.

आमच्या घरी अशीच एक सात आसनी गाडी आहे. थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, यांनी ती २०१८ साली घेतली. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला ते वर्ष. दादांची सोलापुरात आडत आहे. वय आता चौऱ्याहत्तर. दरवर्षी चातुर्मासात दादा आणि वहिनी क्षेत्राची मर्यादा घेतात. चार महिने शहराची वेस ओलांडायची नाही. त्यामुळे आषाढापासून कार्तिकापर्यंत गाडी जागची हलत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत कुंथलगिरी, कुंभोजचे बाहुबली, एखादे लग्न, पुण्याची एखादी फेरी. आठ वर्षांत गाडी सत्तावीस हजार किलोमीटर चालली, म्हणजे वर्षाला सरासरी तीन हजार चारशेच्या आसपास. साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर चालणारे टायर या गतीने झिजायचे म्हटले तर बारा-तेरा वर्षे लागतील.

गेल्या वर्षी चातुर्मास संपताच श्रवणबेळगोळच्या यात्रेचे ठरले. सोलापुराहून विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग या मार्गाने सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास. गाडीत दादा, वहिनी, मी, माझी पत्नी, दोन नातवंडे आणि चालक असे सात जण, आणि टपावर सामान. निघण्यापूर्वी गाडीची कागदपत्रे व इतर बाबी पाहण्याचे काम सवयीने माझ्याकडे आले. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, ब्रेकचे तेल, सारे पाहून झाल्यावर मी खाली बसून टायरवरचे अंक वाचले : ४७१७.

हे अंक कसे वाचायचे ते आधी सांगतो, कारण एवढे एक जरी वाचकांनी लक्षात ठेवले तरी हा लेख सार्थकी लागला असे मी समजेन. टायरच्या बाजूवर पुष्कळ अक्षरे असतात. त्यांत एका लांबट गोल चौकटीत चार अंक एकत्र असतात. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ४७१७ म्हणजे २०१७ सालचा सत्तेचाळिसावा आठवडा, अर्थात नोव्हेंबर. पुष्कळदा ही चौकट टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत गेलेली असली तर बाहेरून दिसत नाही. मग गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहावे लागते. अंक चारऐवजी तीनच असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, आणि त्याच्याविषयी विचार करण्यासारखे काही उरलेले नाही.

थोडक्यात, आमचे टायर आठ वर्षांचे झाले होते. मी दादांना म्हणालो, “दादा, टायर बदलून घेऊ या.” दादांनी टायरवर हात फिरवला, नखाने खाचेची खोली पाहिली आणि म्हणाले, “अरे, नवेकोरे आहेत हे. अर्धी नक्षीसुद्धा गेली नाही. वापरण्याजोगी वस्तू टाकून नवी आणायची, याला आपण अपरिग्रह म्हणणार का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या पिढीने सुतळी गुंडाळून ठेवली, पाकिटे उलटून त्यावर हिशेब लिहिले आणि त्या काटकसरीवर दुकाने उभी केली, त्या पिढीचा तो प्रश्न होता. दादांची काटकसर ही कंजुषी नव्हे. एका चांगल्या वस्तूचा वेळेपूर्वी नाश होऊ नये, ही त्यांची भावना आहे आणि मला ती मान्य आहे. मतभेद एवढाच होता की वस्तू चांगली आहे की नाही हे कशावरून ठरवायचे.

टायरचे रबर हे झाडाच्या चिकाइतके साधे नसते. गंधकाबरोबर तापवून त्याचे धागे एकमेकांत बांधलेले असतात, त्यात काजळी मिसळलेली असते, आत पोलादी तारांचे पट्टे असतात. हवेतील प्राणवायू या रबरात हळूहळू शिरतो आणि ते कडक, ठिसूळ करत जातो. टायरच्या आत तर दाबाखालील हवा कोंडलेली असते, त्यामुळे ही क्रिया आतूनही चालू राहते. बाहेरून ओझोन वायू ताणलेल्या भागावर बारीक भेगा पाडतो. यावर उपाय म्हणून रबरातच मेणासारखी संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, सुटतो, तेव्हा ती द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात. टायर उभाच राहिला तर तेवढ्या प्रमाणात येत नाहीत. म्हणजे न वापरल्याने टायर जपला जातो ही आपली समजूत काही अंशी उलटीच आहे. तिजोरीतले सोने वापरले नाही तर तसेच राहते. रबराचे तसे नाही.

वयाचा सर्वांत मोठा धोका नक्षीखाली दडलेला असतो. पोलादी पट्टे आणि रबर यांची पकड वयाबरोबर सैल होत जाते. गावात ताशी तीस-चाळीसच्या वेगाने काही जाणवत नाही. भर उन्हात, पूर्ण भरलेली गाडी, महामार्गावर तास-दोन तास सलग वेगाने धावू लागली की टायर तापतो, आणि त्या वेळी नक्षीचा थरच पट्ट्यापासून सुटू शकतो. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नशिबी नेमका हाच प्रवास असतो : एरवी विश्रांती आणि वर्षातून एकदा पूर्ण भारानिशी सहाशे किलोमीटर.

उष्णतेचा यात किती वाटा आहे, हे अमेरिकेतील एका पाहणीवरून कळते. तेथे २००० साली टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे मोठा गदारोळ झाला, नवा कायदा आला आणि पुढील काळात त्यांच्या महामार्ग सुरक्षा विभागाने टायरच्या वयाचा अभ्यास हाती घेतला. ॲरिझोनामधील फिनिक्स या अत्यंत उष्ण शहरातील मोटारींचे टायर काढून त्यांची तपासणी झाली. याच विभागाने एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारीही मांडली. त्या कंपनीचे २७ टक्के विमाधारक टेक्सस, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांतील होते. परंतु टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे याच राज्यांतून आले होते आणि त्यांपैकी ८४ टक्के दाव्यांतील टायर सहा वर्षांहून जुने होते. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने पाहिला आहे त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : रस्त्यावर कधी फारशी न धावलेली स्टेपनीही गाडीखाली टांगल्या जागी वयाने निकस होत असते.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर दादांच्या धाकट्या चिरंजीवांची गोष्ट सांगतो, कारण दादांच्या मनाची खरी तयारी त्याच्याच फोनने झाली. तो टेक्ससमध्ये राहतो. त्याच्याकडे तेथे ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात ते चाकांवरचे घर आहे. आत झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सारे असते. मात्र त्याला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप गाडीच्या मागे जोडून ते ओढत न्यायचे. शुद्ध शाकाहारी आणि त्यातही कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या कुटुंबाला प्रवासात स्वतःचा ओटा मिळतो, म्हणून त्याने ते घेतले. वर्षातून आठ-दहा वेळा ते बाहेर पडते. एरवी अंगणात उन्हात उभे असते.

त्या घराच्या टायरांचा जातिस्वभाव आपल्या उभ्या गाडीसारखाच, फक्त अधिक कठोर. त्यांच्यावर ‘एसटी’ अशी अक्षरे असतात. ते ट्रेलरसाठीच बनवलेले असतात. एकेक टायर त्याच्या भारक्षमतेच्या जवळपास पोचेल इतके ओझे नेहमीच वाहत असतो, कारण घरातले सामान उतरवले जात नाही. पुष्कळ एसटी टायर ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, या वेगमर्यादेसाठीच बनवलेले असतात. तेथील जाणते लोक नक्षी पाहतच नाहीत. पाच वर्षे झाली की दरवर्षी तपासणी, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास चारही टायर बदलायचे. एका टायरला आकार व प्रतीनुसार साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात, म्हणजे चार टायर बसवण्याच्या खर्चासह पाचशे ते नऊशे डॉलर. हा खर्च टाळला आणि वाटेत एखादा टायर फुटला, तर सुटलेला रबराचा पट्टा चाकावरचे आच्छादन, त्यामागची जमीन, पाण्याच्या नळ्या, वायरी फाडत जातो आणि दुरुस्ती हजारो डॉलरवर जाऊ शकते. पुतण्या फोनवर म्हणाला, “बाबा, इथे माझ्या ट्रेलरच्या टायरांची नक्षी तुमच्यापेक्षाही नवी होती. तरी मी बदलले. आत माझी मुले नसतात, ती पिकअपमध्ये असतात, तरीही बदलले. तुमच्या टायरवर तर माणसे बसणार आहेत.” दादा काही बोलले नाहीत, पण फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारले, “खर्च किती येईल?” व्यापारी माणूस खर्च विचारू लागला की अर्धे काम झाले असे समजावे.

खर्चाचा हिशेब मी त्यांच्यापुढे असा मांडला. आमच्या गाडीला २०५/६५ आर १६ या मापाचे टायर लागतात. शहरातील तीन दुकानांतून विचारलेल्या दरांत मध्यम प्रतीच्या टायरचा भाव साडेआठ हजारांच्या आसपास होता. एक बाब अनुकूल होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत तीच धरली तर ग्राहकाच्या हाती पडणारा भाव त्यामुळे पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास उतरतो. स्टेपनी धरून पाच टायरांचे बेचाळीस हजार पाचशे. नवे व्हॉल्व्ह, बसवणावळ, चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट यांसाठी अडीच हजार. एकूण पंचेचाळीस हजार.

“एकदम पंचेचाळीस हजार!” दादा म्हणाले. आकडा एकदम पाहिला की मोठाच दिसतो, आणि म्हणूनच वाणिज्यशास्त्रात घसारा नावाची गोष्ट आहे. योगायोग असा की मराठीत घसारा हा शब्दच घासण्यावरून आला आहे, आणि टायरच्या बाबतीत मात्र घासणे न होताही घसारा चालूच राहतो. टायरांचे आयुष्य सहा वर्षे धरले तर पंचेचाळीस हजार भागिले सहा, म्हणजे वर्षाला साडेसात हजार, महिन्याला सव्वासहाशे. टायर बदलणे एक वर्ष पुढे ढकलले तर आपण पंचेचाळीस हजार वाचवत नाही, कारण तो खर्च कधीतरी करायचाच आहे. वाचतात ते त्या एका वर्षाचे साडेसात हजार. सात माणसांच्या जिवाची जोखीम घेऊन साडेसात हजार मिळवायचे, असा हा व्यवहार आहे. बँकेत असा प्रस्ताव आला असता तर मी त्यावर सही केली नसती.

लहान गाडी असलेल्यांनी घाबरू नये. छोट्या मोटारीच्या टायरला साधारण साडेतीन ते पाच हजार रुपये पडतात. सेडान गाड्यांना पाच ते आठ हजार. मोठ्या चाकांच्या उंच गाड्यांना दहा हजारांच्या पुढे. आपापल्या आकड्याला सहाने भागावे आणि ती रक्कम दरवर्षी बाजूला टाकावी. ज्यांच्या घरी आवर्ती ठेवीची सवय आहे त्यांना हे सांगणे न लगे.

सहाच वर्षे का, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. सर्वांचे मत एक नाही, हे मान्य करायला हवे. मिशेलिनसारखे टायर उत्पादक सांगतात की पाच वर्षे वापर झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे झाली की नक्षी कशीही असो, बदलावे. काही मोटार उत्पादक सहा वर्षांची मर्यादा सांगतात. दहा ही कमाल मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. थंड हवेत, सावलीत ठेवलेली, हलक्या ओझ्याने चालणारी गाडी एक आणि मराठवाडा-सोलापूरच्या उन्हात उभी राहून भरगच्च यात्रेला निघणारी गाडी दुसरी. दुसऱ्या गाडीसाठी सहा वर्षे हे मला वाजवी वाटते. मात्र बाजूवर भेगा दिसल्या, फुगवटा आला किंवा चालताना थरथर जाणवू लागली, तर तारखेची वाट पाहूच नये. आता रस्तेही वेगळे झाले आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला असून त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. जुन्या रस्त्यावर खड्डेच वेगाला आवर घालत असत; आता तो आवर आपणच घालायचा आहे.

हिशेब पटला तरी दादांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर हिशेबात नव्हते. ते त्यांनीच शोधले. संध्याकाळी मंदिरातून आल्यावर म्हणाले, “तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार प्रमादाला धरून केला आहे. माहीत असून दुर्लक्ष केले तर तो प्रमादच.” वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “आणि रस्त्याने विहार करणारे महाराज, माताजी असतात. आपली गाडी सुटली तर केवळ आपल्यालाच लागेल असे थोडेच आहे?” पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने पायी चालणारे साधू-साध्वी आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि अशा विहारातील अपघातांच्या वार्ता वाचून आपण सर्वच हळहळलो आहोत. चालकाचे लक्ष, गाडीचा वेग, ब्रेक यांच्याबरोबर टायरही त्या हळहळीच्या हिशेबात धरायला हवेत. दुसऱ्या दिवशी टायर बदलायचे ठरले.

दुकानात एक नवाच प्रश्न उभा राहिला. दुकानदार जुने टायर पाहून खूष झाला. म्हणाला, “नक्षी उत्तम आहे. एकेकाचे आठशे रुपये वजा करतो.” पाचांचे चार हजार. मी विचारले, “तुम्ही याचे काय करणार?” तो निःसंकोचपणे म्हणाला, “काळे पॉलिश मारले की नव्यासारखे दिसतात. जुने टायर घेणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते.” त्यात त्याला काही गैर वाटत नव्हते, बाजारात ती रीतच आहे. पण दादांनी गल्ल्यावर पन्नास वर्षे काढली आहेत. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “जे माझ्या नातवंडांखाली नको, ते दुसऱ्याच्या मुलांखाली कसे चालेल?”

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. चांगल्या मालासारखा दिसणारा हलका माल चांगल्याच्या भावाने देणे, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. धान्यात खडे, तुपात भेसळ ही उदाहरणे आपल्याला चटकन आठवतात. नक्षी शाबूत पण आयुष्य संपलेला टायर पॉलिश करून बाजारात जाऊ देणे, हेही त्याच जातीचे आहे. आणि तो घेणारा कोण असतो? ज्याला नवा परवडत नाही असा रिक्षावाला, भाड्याची गाडी चालवणारा, भाजी वाहणारा. त्याला तारीख वाचता येत नाही, कारण त्याला ती कोणी दाखवलेली नसते.

दादांनी पाचही टायरांच्या बाजू तेथेच, आपल्यासमोर, कापून घ्यायला लावल्या. एकदा बाजू कापली की तो टायर पुन्हा चाकावर चढू शकत नाही. तो भंगारात जातो. २०२२ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार वापरून संपलेल्या टायरांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे, त्यामुळे अशा मालाला अधिकृत वाटही आहे. चार हजार रुपये गेले. दुकानदाराने आमच्याकडे जरा विस्मयाने पाहिले. नंतर त्याने कापण्याची मजुरी मात्र घेतली नाही.

आता जे टायर घेणार आहेत त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. नवा टायर घेतानाही चार अंक आधी वाचावेत, मगच भाव करावा. दुकानात वर्षभर पडलेला टायर लगेच वाईट होत नाही, पण मुदत उत्पादनाच्या तारखेपासून मोजायची तर त्याचे एक वर्ष आपण न वापरताच संपलेले असते. म्हणून सहा महिन्यांच्या आतील तारीख मागावी, किंवा जुन्या मालाला भावात सवलत घ्यावी. मापापुढचे अंक व अक्षरही पाहावे. ९५ एच असे असेल तर ९५ हा अंक एका टायरने ६९० किलो भार पेलावा असे सांगतो आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. स्वस्त मिळतो म्हणून मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कधीही घेऊ नये. पावती कराची घ्यावी आणि तिच्यावर टायरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत.

हवेचा आकडा टायर थंड असताना पाहायचा असतो. तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी काही वेळा तेथेच वेगळा, थोडा अधिक आकडा असतो. हवा कमी असली की टायर अधिक दबतो आणि अधिक तापतो. टायर फुटण्याचे हे अत्यंत साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हवा पाहावी. स्टेपनीलाही विसरू नये.

चातुर्मासात गाडी उभी राहणार असेल तर ती सावलीत ठेवावी, हवा पूर्ण भरावी आणि पंधरा दिवसांतून एकदा आवारातल्या आवारात मागेपुढे फिरवावी, म्हणजे सारा भार टायरच्या एकाच भागावर राहत नाही. व्रत घेतलेले वडीलधारे गावाबाहेर जाणार नाहीत. गाडीने अंगणात चार फेऱ्या मारल्याने त्यांच्या मर्यादेला बाधा येत नाही. मात्र पावसाळ्यात चाकांखाली मुंग्या, गोगलगायी आश्रय घेतात. हलवण्याआधी वाकून पाहावे आणि मऊ कुंच्याने जागा झाडावी. यत्नाचार म्हणजे आणखी वेगळे काय असते?

आमची यात्रा नीट पार पडली. परत आल्यावर दादांनी वीर निर्वाण संवत २५५२ च्या नव्या वहीचे शेवटचे पान काढून त्यावर पाच ओळी लिहिल्या : चार चाके व स्टेपनी, प्रत्येकाची तारीख, घेतल्याची किंमत आणि शेवटी बदलण्याचे वर्ष, २०३१. त्याच पानावर त्यांनी आडतीच्या टेम्पोचे आणि दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मुलाच्या स्कूटरचेही अंक लिहून घेतले. स्कूटरचा मागचा टायर सात वर्षांचा निघाला. तो दादांनी दुकानाच्या खर्चाने बदलून दिला.

वाचकांनीही वहीत असे एक पान ठेवावे. घरात गाड्या किती आहेत हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या टायरांची वये मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतात. आज संध्याकाळी बॅटरी घेऊन खाली वाकण्याची तसदी घ्यावी, चार अंक वाचावेत आणि लिहून ठेवावेत. पुढचा निर्णय आपापल्या हिशेबाने करावा.